सेलूचा वार्ताहर ब्राझीलला पाठवा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडे दुसरीतलं पोरगंही सांगतं. कुणी जुळवलं आणि का, यावर चहाच्या टपरीवर वाद होतो, निकाल लागत नाही. म्हणीत आम्ही जर्मनीला घेतलं खरं, पण जर्मनीत राहून मराठी पेपराला बातमी धाडणारा पगारी माणूस नेमल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. तिथली बातमी येते वृत्तसंस्थेकडून, इंग्रजीतून, रात्रपाळीच्या उपसंपादकाच्या हातून, आणि जाहिरात वाढली की पहिली तीच उडते.

हे मनात घोळायला लागलं एका कॉलेजातल्या व्याख्यानामुळे. विषय होता परदेशी वार्ताहर आणि कादंबरी. वक्ते वाचलेले होते. हेमिंग्वे, ग्रॅहम ग्रीन, मार्केझ, फोर्सिथ अशी नावं त्यांनी धडाधड घेतली आणि शेवटी म्हणाले, बातमीत सत्य मावत नाही, म्हणून पत्रकार कादंबरीकडे वळतो. टाळ्या पडल्या. मी काही वाजवली नाही. उमेदीची सगळी वर्षं मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याचा वार्ताहर होतो. पोटासाठी झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान, आणि बातम्या त्याच्या जोडीला. बातमीत न मावलेलं माझ्याकडे पोत्यानं पडून आहे. त्याची कादंबरी झालेली नाही आणि होणारही नाही. व्याख्यात्यांनी एक गोष्ट सांगायची सोडली. या लेखकांपैकी बहुतेकांना कुणीतरी तिकीट काढून लांब पाठवलं होतं, तिथं राहू दिलं होतं, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे दिले होते.

फोर्सिथचंच घ्या. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा सगळ्यांनी एकच गोष्ट छापली: १९७०च्या सुरुवातीला खिसा रिकामा, आणि जेमतेम सव्वा महिन्यात ‘द डे ऑफ द जॅकल’ लिहून मोकळे. पण त्याच्या आधी रॉयटर्सनं त्यांना पॅरिसला ठेवलं होतं. द गॉलना मारायचे कट शिजत होते ते दिवस. राष्ट्राध्यक्षांच्या मागे-मागे फिरणं हेच त्या कोवळ्या बातमीदाराचं काम. पुढे बीबीसीकडून नायजेरियात, बियाफ्राच्या युद्धावर. तिथं थांबण्यावरून बिनसलं, तेव्हा नोकरी सोडून ते स्वतःच्या हिमतीवर परत तिकडे गेले. ‘द डॉग्ज ऑफ वॉर’मधली आफ्रिका त्यातून आली. सव्वा महिना सगळे सांगतात. पॅरिसची पगारी वर्षं सांगत नाहीत.

मार्केझची गोष्ट मला जास्त जवळची. १९५५मध्ये ‘एल एस्पेक्तादोर’ या कोलंबियातल्या पेपरानं त्यांना युरोपात पाठवलं. काही महिन्यांत कोलंबियातल्या हुकूमशहाच्या राजवटीत पेपर बंद पडला. माणूस पॅरिसच्या एका स्वस्त हॉटेलात अडकला, खोलीचं भाडं थकलेलं. तिथं बसून त्यांनी लिहिलं कशावर? पॅरिसवर नव्हे. कोलंबियातल्या नदीकाठच्या गावातला एक म्हातारा कर्नल, दर शुक्रवारी टपालाच्या बोटीकडे जातो, पेन्शनचं पत्र आलं का बघायला. ते कधीच आलेलं नसतं. आमच्याकडे पीकविम्याचा मेसेज आला का म्हणून दिवसातून चारदा मोबाइल काढून बघणारी माणसं कट्ट्या-कट्ट्यावर बसलेली असतात. त्यांना हा कर्नल समजावून सांगावा लागणार नाही. माझा पगाराचा मुद्दा इथं थोडा लंगडतो, हे कबूल. पण युरोपचं तिकीट पेपरानंच काढलं होतं, आणि गाव दिसायला लांब जावं लागलं, हेही तितकंच खरं.

मराठीत असं कुणीच नव्हतं का? होतं की. विनायक दामोदर सावरकर १९०६मध्ये लंडनला गेले आणि तिथून ‘विहारी’ या पेपराला बातमीपत्रं धाडू लागले. ‘लंडनची बातमीपत्रे’ या नावानं ती आजही मिळतात. सावरकरांच्या राजकारणावरून भांडायला लोक कायम तयारच असतात. ते घटकाभर बाजूला ठेवा. परदेशात राहून मराठी पेपराला लिहिणारा आणि पुढे कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून बघा. लंडनच्या त्या वर्षांची कादंबरी झाली नाही. झाली ती अंदमानची, ‘काळे पाणी’. तिथं १९११ ते १९२१ त्यांना कुणी वार्ताहर म्हणून पाठवलं नव्हतं, डांबलं होतं. आणि अण्णा भाऊ साठ्यांचा क्रम तर उलटाच: कादंबरीकार म्हणून नाव झालं आधी, १९६१ला रशिया पाहिला नंतर, आणि त्याचं प्रवासवर्णन लिहिलं.

पण या सगळ्यात मला जो माणूस महत्त्वाचा वाटतो तो परदेशी वार्ताहर नव्हता. अरुण साधू. जन्म १९४१चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. ‘केसरी’, ‘माणूस’, मग इंग्रजी पेपर, शेवटी ‘फ्री प्रेस जर्नल’चं संपादकपद. २००७ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २५ सप्टेंबर २०१७ला निधन. त्यांचं चीनवरचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ आमच्या पिढीनं वाचनालयातून नंबर लावून वाचलं. फिडेल कॅस्ट्रो आणि चे गव्हेरा आमच्यापर्यंत आले ते ‘फिडेल, चे आणि क्रांती’मधून. सेलूच्या पोराला हवाना ठाऊक झालं ते परतवाड्याच्या माणसामुळे. १९६२च्या चीन युद्धानंतरच्या त्या वर्षांत मराठी पत्रकारानं बीजिंगला वार्ताहर म्हणून बिऱ्हाड करणं ही कल्पनेतलीसुद्धा गोष्ट नव्हती. साधूंनी चीन उभा केला तो वाचनातून, आणि जिद्दीनं उभा केला. कादंबरी लिहायला बसले तेव्हा मात्र ते चीनकडे गेले नाहीत. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ मुंबईच्या सत्तेच्या राजकारणातून आल्या. मंत्र्यांच्या दालनांबाहेर ताटकळणं, कामगारपुढाऱ्यांची भाषा, दुपारी पिकलेली अफवा संध्याकाळपर्यंत खरी होणं. हे पायांनी कमावलेलं होतं. १९७९मध्ये जब्बार पटेलांनी, तेंडुलकरांच्या पटकथेवर, या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ सिनेमा केला. त्यातला निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस आमच्या भागातल्या निम्म्या वार्ताहरांनी अंगात भिनवून घेतला होता, खांद्याच्या पिशवीसकट. सिनेमातले विश्वासराव दाभाडे मुख्यमंत्री होतात की नाही, याची चर्चा आमच्या स्टँडवर खऱ्या मंत्र्यांपेक्षा जास्त रंगायची.

डोळ्यांनी वाचलेल्या चीनचे साधूंनी उत्तम माहितीग्रंथ केले, पायांनी तुडवलेल्या मुंबईच्या कादंबऱ्या. हा फरक त्या व्याख्यात्यांनी लक्षात घ्यायला हवा होता. मराठी कादंबरीत जग का येत नाही म्हणून समीक्षक हळहळतात, आणि विश्राम बेडेकरांच्या १९३९च्या ‘रणांगण’कडे बोट दाखवून थांबतात. बेडेकर विलायतेला गेले होते, परतीच्या बोटीवर होते. न गेलेल्या माणसाकडून ‘रणांगण’ची अपेक्षा धरणं म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणं.

आता आमच्या गावाकडे येतो. पुण्या-मुंबईच्या पेपरांना एकेकाळी परभणी हाच परदेश होता. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. नाणं वेगळं, हाली शिक्का. टपालाचं तिकीट वेगळं. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्यातून, कारण इथं निजाम काढू देईना. बंदी आली की ते नाव बदलून निघायचं. त्या पत्राला इथून चोरून मजकूर धाडणारी माणसं परक्या राजवटीतून बातमी देत होती. खरे परदेशी वार्ताहर तेच. त्यांतल्या फार थोड्यांनी आठवणी लिहिल्या, कादंबरी कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. हे मला त्या काळाचं आपल्यावरचं सर्वांत मोठं देणं वाटतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

त्याच राज्यात परभणीच्या बांधकाम खात्यात एक कारकून होता. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुळकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. दिवसा सरकारी फायली, उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. एका कादंबरीचं नाव ‘म्हणे लढाई संपली आता’, दुसरीचं ‘जगाला कळलं पाहिजे’. सरकारी कारकुनानं बातमीदाराला शोभणारी नावं दिली! ७ सप्टेंबर १९५३ला, चाळिशीतच, गेले. जगाला कळलं का, हे विचारू नका. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथं कार्यक्रमाला येणाऱ्या दहा जणांना त्यांच्या एका कादंबरीचं नाव विचारून बघा. पण कारकुनी का होईना, त्यांना दरमहा पगार होता, आणि चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या, त्यात त्या पगाराचा वाटा नाही असं कोण म्हणेल?

आमचा धंदा असा नव्हता. तालुका वार्ताहराला मानधन असतं, ते कधी येतं आणि किती येतं हे घरी सांगण्यासारखं नसतं. मीटरगेजच्या काळात बातमीचं पाकीट पॅसेंजर गाडीनं जायचं, नाहीतर एसटीच्या कंडक्टरच्या हातापाया पडून. मग फॅक्स आला, मग मेल, आता व्हॉट्सअॅप. बातमी जायचा वेळ एका दिवसावरून एका सेकंदावर आला, मानधन जागच्या जागी. शहरातल्या डेस्कवर सेलू कुठं आहे हेही धड ठाऊक नसायचं. वर्धा जिल्ह्यातही एक सेलू आहे. माझी नाल्याच्या पुराची बातमी एकदा वर्ध्याच्या पानावर लागली, आणि तिथल्या तहसीलदाराला त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार मी अजून करतो. त्यावर पुन्हा पंधरा ऑगस्टची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, पुढाऱ्याचा वाढदिवस, आणि प्रत्येकाचं जाहिरातीचं टार्गेट. ज्याच्या कारभाराची बातमी द्यायची, त्याच्याच दारात जाहिरातीसाठी उभं राहायचं. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. आमच्या स्टँडवर त्या उतरल्याच नाहीत.

न मावलेल्या मजकुराचा एक नमुना देतो. कापूस एकाधिकार खरेदीची, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच घालायची वर्षं. शेजारच्या मानवतच्या केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, ती गावाबाहेर कुठवर जायची त्याला धरबंध नसे. माणसं गाडीखाली झोपायची, तिथंच तीन दगडांवर भाकरी व्हायची, ग्रेडर साहेब कोणता ग्रेड लावतील यावर पैजा लागायच्या. मी वही घेऊन गेलो तर एक म्हातारबा म्हणाले, “कामून आलास रे बातमीवाल्या? रांग छापली म्हंजी रांग पुढं सरकंल व्हय?” त्याच रांगेत, पुढं-मागं गाड्या लागलेल्या दोन घरांची सोयरीक जमली. मुलगी रांगेत नव्हती, मुलगाही नव्हता. दोन्ही बापांनी चार दिवस एकमेकांचा स्वभाव बघितला, कापसाची प्रत बघितली, आणि ठरवलं. छापून काय आलं? ‘मानवत येथे कापूस गाड्यांच्या रांगा, शेतकऱ्यांत नाराजी’. माझ्या बातमीत मावलं नाही हे खरंच; पण ते लिहायला बसलो असतो तर दुकान कुणी उघडलं असतं?

म्हणून आसाराम लोमट्यांचं मला विशेष वाटतं. सेलू तालुक्यातल्याच गुगळी धामणगावचे. अनेक वर्षं ‘लोकसत्ता’साठी परभणीतून बातमीदारी केलेला माणूस. २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला मिळाला. पुढे ‘तसनस’ ही कादंबरी आली. समीक्षक त्यांना ‘ग्रामीण’ या खणात ठेवून मोकळे होतात. मी त्यांच्या कथा वाचतो तेव्हा मला बातमीदार दिसतो. तहसीलच्या आवारात कोण कुणाच्या मागे उभं राहतं, ग्रामसभेत ठराव लिहिला कधी जातो आणि मांडला कधी जातो, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस. एकाच मुलखात टिकून राहून नियमानं बातमी देणाऱ्याच्या हातून काय होऊ शकतं, याचा पुरावा माझ्या तालुक्यानं दिला आहे. तेव्हा ‘ग्रामीण भागात प्रतिभा असते हो’ असं म्हणून पाठ थोपटणाऱ्यांनी जरा थांबावं. प्रतिभा सगळीकडे असते. टिकून राहायची सोय सगळीकडे नसते.

उलट उदाहरणही आमच्या डोळ्यांसमोर घडलं. डिसेंबर २०२४मध्ये परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद, जाळपोळ, धरपकड, आणि न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा मृत्यू. दिल्लीपर्यंतचे कॅमेरे आले. थेट प्रक्षेपणाच्या गाड्या उभ्या राहिल्या. काही दिवसांनी गाड्या निघून गेल्या. न्यायालयातल्या तारखांना कोण जात राहिलं? इथलेच, मानधनावाले.

तर माझं मागणं दोन कलमांचं आहे. पहिलं जुनंच: तालुक्याच्या वार्ताहराला पगार द्या आणि त्याच्याकडून जाहिराती मागणं बंद करा. यावर कुणी वाद घालत नाही, आणि ते कुणी करतही नाही.

दुसऱ्यावर लोक हसतात. माझ्या तालुक्यातला एखादा तरणा वार्ताहर ब्राझीलला पाठवा. लंडनला नको, वॉशिंग्टनला नको. तिथं बोलायला चिकार माणसं आहेत. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात पाठवा, जिथं सोयाबीन पिकतं. आमच्या जिल्ह्याचं खरीप आता सोयाबीनवर उभं आहे. आमच्याच कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ हे वाण गावोगावच्या रानात गेलं. पण भाव शिकागोच्या सौद्यात हलतो. ब्राझीलमध्ये पाऊस लांबला की मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, चर्चा, अर्जेंटिनाचं तेल स्वस्त झालं की मोंढ्यात शांतता. २०२१च्या पावसाळ्यात भाव दहा हजारांच्या घरात गेला, आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं बारा लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पुढे भाव कसा उतरला ते आमच्याकडे अजून शिव्यांसकट सांगतात. २०२५-२६साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. मोंढ्यात तो पाहिलेला शेतकरी शोधावा लागतो. इतकं सगळं जिथून ठरतं, तिथं मराठी बातमीदाराचं पाऊल पडल्याचं मी ऐकलेलं नाही. जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकवणारा देश कसा दिसतो, हे आम्हाला वृत्तसंस्थेच्या चार ओळींतून कळतं, त्यात भाव असतो आणि माणूस नसतो.

तिथं बीआर-१६३ नावाचा महामार्ग आहे. मातो ग्रोसोतून उत्तरेकडे, ॲमेझॉनच्या बाजूच्या बंदरांकडे जातो. फेब्रुवारी २०१७मध्ये, त्याचा मोठा तुकडा अजून कच्चा होता तेव्हा, पावसानं चिखल झाला आणि सोयाबीन भरलेल्या ट्रकांची रांग दिवसेंदिवस अडकून पडली. जगभरच्या पेपरांत आकडे आले: किती टन, किती डॉलर. सेलू-मानवतची रांग पाहिलेला माणूस तिथं असता तर त्यानं वेगळं विचारलं असतं. अंघोळ कुठं करता? डाळ-तांदूळ कोण आणून देतो आणि दुप्पट भाव लावतो का? मालकाला फोन केल्यावर तो काय बोलतो? ट्रक कुणाचा, कर्ज कुणाचं, माल भिजला तर भरपाई कुणी द्यायची? पोर्तुगीज येत नसेल तर दुभाष्या मिळतो. हे प्रश्न दुभाष्याकडे नसतात.

खर्च किती येईल म्हणून मला पेपरवाले विचारतात. निवडणुकीच्या एका पुरवणीत पुढाऱ्यांचे जेवढे फोटो छापता, त्यातल्या काही पानांचे पैसे बाजूला काढा. एका पेपराला झेपत नसेल तर तिघांनी मिळून पाठवा, मजकूर तिघांनी छापा. एक पेरणी ते काढणी, एवढा मुक्काम. आठवड्याला एक बातमीपत्र. परत आल्यावर वर्षभर त्याला पुरवणीच्या कामाला लावू नका.

कादंबरी लिहिलीच पाहिजे अशी अट घालू नका. लिहिली तर ती ब्राझीलची असेल असंही धरून चालू नका. तिथं कुठंतरी ट्रकवाल्यांच्या टपरीवर बसून तो कदाचित मानवतच्या रांगेतल्या त्या दोन बापांवरच लिहायला घेईल. घेऊ द्या. ती सोयरीक पुढे टिकली का, हे त्यानं मला फोन करून विचारावं. मला ठाऊक आहे.